सांगोल्याच्या गजी मंडळाला अनुदान कुठून मिळेल? दिल्लीचे ५ लाख खरंच मिळतात का?

सांगोल्याची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझे चुलते आणि वाडीतली धनगर मंडळी गजी खेळतात, म्हणजे धनगरी नाच, ढोल, कैताळ (मोठी झांज), फेटे, हातात रुमाल, तुम्ही यात्रेत पाहिलं असेलच. पंचवीस-तीस माणसं आहेत, निम्मी साठीच्या पुढची. हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेला दरवर्षी जातात, आजूबाजूच्या गावातूनही बोलावणं येतं. नोंदणी वगैरे काही नाही, मंडळाला आजोबांच्या वेळेपासून जे म्हणतात तेच नाव. ढोल जुने झालेत, नवीन पोरांना शिकवायचं तर कुणाला वेळ नाही आणि शिकवणाऱ्याला रोजगार बुडवून परवडत नाही.

आता प्रश्न असा की मागच्या महिन्यात एकजण घरी आला, म्हणाला दिल्लीच्या संस्कृती मंत्रालयातून तुम्हाला ५ लाख मिळवून देतो, वीस टक्के आमचे आणि फाईलचे दहा हजार आधी. चुलते द्यायला तयार झालेत. मी जुळे सोलापुरात राहते, नोकरी करते, मला यातलं काही कळत नाही. अशी योजना खरंच आहे का? असेल तर आपलं आपण करता येतं का?

काय_बे_मालक

ताई, दहा हजार देऊ नका. संपला विषय. 😀

तिसरी_घंटा

वरच्या मालकांनी एका ओळीत सांगितलं तेच बरोबर, पण जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. मी हौशी नाटकवाला, राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर हुतात्मा स्मृती मंदिरात आयुष्य गेलं, त्यामुळे या फायलींशी जुनी ओळख आहे.

तो माणूस म्हणतोय ती योजना खरी आहे. केंद्राच्या कला संस्कृती विकास योजनेत एक भाग आहे, महोत्सव, चर्चासत्र, नवी निर्मिती यासाठी साधारण ५ लाखांपर्यंत देतात, अपवाद म्हणून २० लाखांपर्यंतही. पण ते संस्थेला. म्हणजे नोंदणी झालेली, काही वर्षं प्रत्यक्ष काम केलेली, हिशोब ठेवलेली संस्था. तुमच्या मंडळाची नोंदणीच नाही तर तो माणूस फाईल कुणाच्या नावानं करणार? दोनच शक्यता, एकतर दहा हजार घेऊन गायब होणार, नाहीतर स्वतःच्या खिशातली एखादी संस्था पुढं करून तुमच्या मंडळाचे फोटो त्यात लावणार. दुसरं जास्त वाईट, कारण मग कागदोपत्री तुमच्या चुलत्यांनी कार्यक्रम केला, मानधन घेतलं, सह्या केल्या, असं सगळं होऊन बसतं आणि चौकशी लागली तर सही तुमच्या माणसाची.

आणि अजून एक, अनुदान म्हटलं की लोकांना वाटतं एक मोठा हंडा आहे आणि त्यातून वाटतात. तसं नाही. काही पैसे व्यक्तीला मिळतात, काही पथकाला, काही संस्थेला, आणि तिन्हीची दारं वेगळी. तुमच्या वाडीत तिन्ही प्रकारचे हक्कदार आहेत, ते आधी वेगळे काढा. साठीच्या पुढचे कलाकार ही एक गोष्ट, मंडळ ही दुसरी, आणि नवीन पोरांना शिकवणं ही तिसरी. एका अर्जात तिन्ही कोंबायला गेलात तर काहीच मिळत नाही.

पेन्शनर_काका

म्हाताऱ्यांचं मी सांगतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. १९५४-५५ पासून चालू आहे ही, नाव नंतर बदललं. आधी अ, ब, क असे वर्ग होते, राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, आणि आपल्या खेड्यातला माणूस कायम क मध्ये, त्याला २,२५० मिळायचे. २०२४ पासून वर्ग काढून सगळ्यांना महिना सरसकट ५,००० केले. वय ५० च्या पुढं, वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, आणि कलेत बरीच वर्षं घातल्याचे पुरावे. आता अर्ज ऑनलाइन भरतात, जिल्ह्याची समिती निवड करते.

पण एक हिशोब लक्षात ठेवा. जिल्ह्याला वर्षाला नवीन १०० जणच घेतात. आपल्या सोलापूर जिल्ह्याचे तालुके ११. म्हणजे तालुक्याला जेमतेम नऊ येतात, त्यात पंढरपूरचे कीर्तनकार, भारूडवाले, बार्शीचे शाहीर, शहरातले नाटकवाले, भजनी मंडळं, सगळे रांगेत. तरीपण भरा. चुलत्यांना पुरावे काय आहेत ते विचारा, जुन्या यात्रेच्या पत्रिका, ग्रामपंचायतीचं पत्र, पेपरातलं कात्रण. यात्रेच्या पत्रिकेत नुसतं "गजी ढोल मंडळ" छापलेलं असतं, माणसाचं नाव नसतं, तिथंच सगळं अडतं. यंदापासून गावकऱ्यांना सांगा की नावं छापा.

मंजूर झालं की दरवर्षी हयातीचा दाखला. तो चुकला की पैसे बंद.

काय_बे_मालक

काका बरोबर आहे पण मी जरा वेगळं बोलतो, राग नका मानू. सरकारचं अनुदान येईपर्यंत ढोलाचं कातडं वाळून जातंय की ओ. खरा पैसा कुठाय माहितीय का, आपल्याच यात्रा कमिटीत हाय. कुठल्याबी गावात बघा, डीजेवाला म्हणेल तो आकडा घासाघीस न करता देतात, ऑर्केस्ट्राला अॅडव्हान्स देतात, आणि गजीवाल्यांना काय, जेवण, नारळ, टॉवेल-टोपी. वर परत "तुमची सेवा देवाच्या चरणी". सेवा फक्त ढोलवाल्यानंच करायची का बे? जनरेटरवाला सेवा करतो का?

सरकारकडं मागायच्या आधी कमिटीकडं मागा. पंचवीस माणसं, जाणं-येणं, एक दिवसाचा रोज, एवढं तरी.

मोडनिंबकर

मालक तुमचं म्हणणं पटतं पण अर्धंच. आमच्याकडं मोडनिंबला संगीत बारीच्या, म्हणजे लावणीच्या, थिएटरात पैसा प्रेक्षकच देतो, कमिटी नाही अन सरकार नाही, शुद्ध तिकीट आणि बैठक. म्हणून तिथल्या बायकांचं भलं झालं का? ज्या दिवशी पाय थकले त्या दिवशी कमाई बंद. कोविडमध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा कळलं की प्रेक्षकाच्या जिवावर चालणारी कला म्हणजे काय. सरकारनं २०२१ मध्ये एकल कलाकारांना एकदाच ५,००० जाहीर केले होते, ते घ्यायला पण कागद लागत होते, आणि जी बाई आज इथं तर पुढच्या हंगामात जामखेड नाहीतर चौफुला, तिच्या रेशनकार्डावरचा पत्ता कुठला असणार?

विठाबाई नारायणगावकर आपल्या पंढरपुरात जन्मल्या, १९३५ ला. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला, आणि २००२ मध्ये गेल्या तेव्हाचे शेवटचे दिवस हलाखीत. आता त्यांच्या नावानं सरकार दरवर्षी जीवनगौरव देतं. चांगलंच आहे ते, पण वेळेवर दर महिन्याला थोडं आलं असतं तर जास्त बरं झालं असतं असं मला कायम वाटतं.

हां, पथकांसाठी पण राज्याची योजना आहे, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची. तमाशा फड पूर्णवेळ आणि हंगामी, लावणी पथक, शाहिरी, खडीगंमत, दशावतार असे प्रकार ठरवलेत, भांडवली खर्चाला आणि प्रयोगाला अनुदान देतात. आता त्या यादीत गजी कुठं बसवायचं हा प्रश्न तुम्हाला येईल.

तिसरी_घंटा

मोडनिंबकर, एकदम मुद्द्यावर आलात. यादीचा प्रश्न हाच मोठा आहे. योजना करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर "पथक" म्हणजे मालक आहे, कनात आहे, ट्रक आहे, तिकीट आहे, हंगामाचे प्रयोग मोजता येतात. गजी, हलगी, धनगरी ओवी, पोतराज, वाघ्या-मुरळी यात मालकच नसतो. वाडीच पथक. प्रयोगही मोजत नाही कुणी, रात्रभर चाललं तर एकच का चार? मग फॉर्ममध्ये "गेल्या वर्षातील प्रयोगांची संख्या" या रकान्यात काय लिहिणार? माझं मत विचाराल तर आपल्या जिल्ह्यातल्या कलांना पैसे कमी मिळतात याचं कारण राजकारण कमी आणि हा रकाना जास्त आहे.

अक्कलकोट_नाका

इथं एक उपप्रश्न टाकतो, धागा पळवायचा हेतू नाही. आमचं कन्नड भजनाचं मंडळ आहे, माणसं महाराष्ट्रातली, आधार महाराष्ट्राचं, गाणं कन्नड. इकडं एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले ही कर्नाटकची कला, तिकडं विचारलं तर म्हणाले तुम्ही महाराष्ट्राचे. शहरातल्या आमच्या तेलुगू मित्रांचं पण तेच रडगाणं आहे. आम्ही कुणाचे ओ?

ओवीवेचणारी

अक्कलकोट नाका, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, केंद्र सरकारच्या सात क्षेत्रीय केंद्रांपैकी एक, ऐंशीच्या दशकात सुरू झालेली. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही आहेत, तेलंगण आणि आंध्र पण. म्हणजे भाषा कन्नड असो की तेलुगू, तुम्ही त्यांच्याच क्षेत्रातले. शिवाय महाराष्ट्र उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र केंद्रातही आहे, एका राज्याला एकापेक्षा जास्त केंद्रांत राहता येतं. ही केंद्रं कलाकारांची नोंद ठेवतात, महोत्सवाला बोलावतात, मानधन आणि प्रवास देतात. तिथं "तुमची कला कुठल्या राज्याची" हा प्रश्न त्यांच्या कामाच्याच आड येतो, त्यामुळे तेवढा कुणी विचारत नाही.

आणि सांगोल्याची लेक, तुमच्यासाठी तिथली गुरु-शिष्य परंपरा योजना बघा. गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५०, शिष्याला १,५००. पैसे फार नाहीत, पण तुम्ही लिहिलंय ना की शिकवणाऱ्याला रोजगार बुडवून परवडत नाही, ती अडचण थोडी तरी भागते. मुख्य म्हणजे मरत चाललेल्या कलांसाठीच ती योजना आहे. मंत्रालयाची अजून एक आहे, गुरु आणि शिष्यांच्या कायमच्या संचाला मिळते, रेपर्टरी ग्रँट म्हणतात, तिथं गुरूला १५,००० आणि मोठ्या शिष्याला १०,००० पर्यंत असतात, पण ती पुन्हा नोंदणीकृत संस्थेलाच आणि स्पर्धा भयंकर. नाटकवाले असतात जास्त त्यात. (तिसरी घंटा, हसू नका.)

तिसरी_घंटा

हसत नाहीये, आमचा अर्ज तिथं नाकारलेला आहे. 🙂

फाईलबहाद्दर

सगळे योजना सांगायलेत, नोंदणीचं कोण बोलेना म्हणून मी येतो. ट्रस्टच्या हिशोबांचं काम करतो मी, रोजचा धंदा.

संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात सोसायटी कायदा १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० दोन्हीखाली नोंद होते, धर्मादाय कार्यालयात. सातही जण एकाच घरातले घेऊ नका. उद्देशात "लोककला संवर्धन, प्रशिक्षण, सादरीकरण, दस्तऐवजीकरण" हे शब्द नीट घाला, कारण पुढं प्रत्येक अर्जाला उद्देशाचा कागद जोडावा लागतो आणि त्यात नसलेल्या कामाला पैसे मागता येत नाहीत. आणि एक फार महत्त्वाचं, देवाच्या नावाचा ट्रस्ट करू नका. महालिंगराया देवस्थान अमुक तमुक असं नाव दिलं की धार्मिक संस्था ठरते, आणि केंद्राच्या त्या ५ लाखांच्या योजनेत धार्मिक संस्था आणि शाळा-कॉलेजं चालत नाहीत. देवापुढं खेळा, पण कागदावर कला मंडळ ठेवा.

नोंदणी झाली की लोक पेढे वाटतात आणि विसरतात. तीन वर्षांनी अनुदानाची जाहिरात आली की माझ्याकडं पळत येतात. तोवर काय झालेलं असतं? एक विश्वस्त वारलेला, एक पुण्याला गेलेला, सचिवानं भांडून राजीनामा दिलेला, आणि विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज एकही दाखल नाही. कायद्यानं ९० दिवसांत दाखल करायचा असतो. परिशिष्ट १ च्या, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या, उताऱ्यावर अजून मेलेल्या माणसाचं नाव. बँकेत सही करायला तोच. मग कुठली ग्रँट अन कुठलं काय. कलेत नापास झालेली संस्था मी अजून बघितली नाही, सगळ्या इथंच नापास होतात.

वर्षाचा ऑडिट रिपोर्ट, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नंबर, एवढं तयार ठेवा. कंपन्यांच्या सीएसआरकडं, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या पैशाकडं, जायचं असेल तर आयकर खात्याची १२ए, ८०जी नोंदणी आणि सीएसआर-१ फॉर्मही. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे कंपनीनं नाही म्हटलं तर निदान कायद्यात बसत नाही असं तरी म्हणू नये.

काय_बे_मालक

म्हणजे ढोल वाजवायला येत नसलं तरी चालंल, ऑडिट यायला पाहिजे.

फाईलबहाद्दर

मालक, तुम्ही जोक करायलाव पण हो, तसंच आहे.

तिसरी_घंटा

एक राहिलं, आणि हे कुणी सांगत नाही. मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं नसतं. बऱ्याच योजनांत हप्ते असतात, शेवटचा हप्ता कार्यक्रम झाल्यावर, बिलं, फोटो, सीएचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामालाच खर्चले असा दाखला) दिल्यावर. म्हणजे आधी तुमच्या खिशातून खर्च करा, मंडपवाला, गाडीवाला, जेवण, कलाकार, आणि मग वाट बघा. आम्ही एकदा एका योजनेत असेच अडकलो, मंडपवाला रोज दारात. म्हणून पहिल्या अर्जात फार मोठी स्वप्नं बघू नका. जेवढा खर्च मंडळ स्वतः काही महिने सोसू शकेल तेवढाच कार्यक्रम मागा.

आणि बिलं. ढोल बनवणारा पक्कं बिल देत नाही, फेटेवाला देत नाही, जेवण तर गावच्या बायकांनी केलेलं. पावती पुस्तक छापा, व्हाउचर करा, सही घ्या, शक्यतो पैसे बँकेतून द्या.

ओवीवेचणारी

सांगोल्याची लेक, मला अजून एक सुचवायचंय, पण यावर वाद होईल. संस्था उभी राहून तीन वर्षं व्हायला वेळ लागेल. तोवर तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. संस्कृती मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप असते, वय २५ ते ४०, महिना १०,०००, दोन वर्षं. ४० च्या पुढच्यांना सीनियर, महिना २०,०००. वाडीतल्या १८ ते २५ च्या पोरांना तरुण कलाकारांची स्कॉलरशिप आहे, महिना ५,०००, ती पण दोन वर्षं. सरकारच्या बाहेर बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स (आयएफए) आहे, १९९३ मधली संस्था, ते एकट्या माणसालाही ग्रँट देतात आणि प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत चालतो, मराठीत लिहा खुशाल. चुलत्यांच्या ओव्या, ढोलाचे ठेके, कुठल्या यात्रेत काय खेळतात, हे सगळं रेकॉर्ड करून ठेवायचा प्रकल्प तुमच्याशिवाय दुसरं कोण चांगलं करणार?

मोडनिंबकर

ताई रागावू नका, पण हेच मला खटकतं. ओव्या म्हाताऱ्यांच्या, ठेका म्हाताऱ्यांचा, आणि महिन्याचे दहा हजार शिकलेल्या पोरीच्या खात्यात. आमच्याकडं किती आले असे, बाया चहा पाजतात, रात्र रात्र गातात, तो रेकॉर्ड करून जातो आणि पुढं कुठं काय झालं पत्ता नाही. ही तर घरचीच आहे, मान्य. तरी पैसा पैसाच असतो.

ओवीवेचणारी

मोडनिंबकर, तुमचा राग बरोबर आहे आणि मी त्याच बाजूची आहे. म्हणून उपाय सांगते, बजेट लिहितानाच कलाकारांचं मानधन हा वेगळा रकाना टाकायचा, प्रत्येक बसण्याचे अमुक. नंतर स्वतःच्या मनानं देऊ असं नाही, कागदावर. फेलोशिपमध्ये तसा रकाना नसतो, ती तुमची असते, म्हणून मी आयएफएसारख्या ठिकाणी प्रकल्प म्हणून मागा म्हणते. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत वाडीत राहिली पाहिजे, पेन ड्राइव्हमध्ये नुसती नाही, पोरांच्या मोबाइलमध्ये वाजेल अशी.

अक्कलकोट_नाका

नागपूरला अर्ज पाठवतोय. कन्नडमधले फोटोंचे मथळे मराठीत करून घेतले. धन्यवाद ताई.

सांगोल्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते. त्या माणसाला पैसे दिले नाहीत, संस्थेचं नाव विचारल्यावर तो जरा गुळमुळीत बोलायला लागला आणि नंतर फोन उचलेना.

रविवारी वाडीत बैठक झाली. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांचे मानधनाचे अर्ज भरायचे ठरलं, ते मी ऑनलाइन करणार. संस्थेवरून मात्र दीड तास भांडण. अध्यक्ष कोण? थोरले चुलते म्हणाले आमच्यात अध्यक्ष नसतो, ढोल ज्याच्या गळ्यात तो मोठा. दुसरे म्हणाले मग सही ढोलानं करायची का. शेवटी ढोल शिकवणारे अण्णा अध्यक्ष, आणि खजिनदार म्हणून माझी चुलती, कारण बचत गटाचं रजिस्टर तीच लिहिते आणि तिचा हिशोब चुकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. काहीजण नाराज झाले, बाई मंडळात कशी, पण दुसरं कुणी वही घ्यायला तयार नव्हतं. सात जण तीन भावकीतले घेतले. नाव देवाचंच हवं असा दोघांचा हट्ट आहे, त्यांना फाईलबहाद्दर यांची पोस्ट वाचून दाखवली, अजून कुरकुर चालू आहे.

आणि मालक, यात्रा कमिटीकडं पण चुलत्यांनी विषय काढला. यंदा पत्रिकेत सगळ्यांची नावं छापतो म्हणालेत. पैशाचं बघू म्हणाले.

काय_बे_मालक

"बघू" म्हणजे नाही. पण नावं छापली तर काकांचा पुरावा तरी होतोय. पत्रिकेची मूळ प्रत जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका, झेरॉक्स नीट येत नाही.

फाईलबहाद्दर

खजिनदार चांगला निवडलाय. आता हे करा, सातही जणांचं आधार, पॅन आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. अण्णांचं आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं नाव असणार, लिहून देतो. ते दुरुस्त झाल्याशिवाय अर्ज टाकू नका. पहिल्या बैठकीचा ठराव लिहिला का? नसेल तर चुलतीला लिहायला सांगा, तारीख, हजर लोक, सूचक, अनुमोदक. जे अंगठा लावतात त्यांच्या अंगठ्याशेजारी ओळखणाऱ्याची सही घ्या, नाव पूर्ण लिहून.